परक्या पेशी, आपलं शरीर: इन्सुलिनच्या बेटांची सव्वाशे वर्षांची गोष्ट

आजच्या विषयाची सुरुवात आपण इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहरापासून करू. तारीख २० डिसेंबर १८९३. तिथल्या रुग्णालयात १५ वर्षांचा एक मुलगा मधुमेहाच्या शेवटच्या अवस्थेत होता. त्या काळी या मुलांसाठी डॉक्टरांच्या हातात काहीच नव्हतं. वॉटसन विल्यम्स नावाचे डॉक्टर आणि हारसंट नावाचे शल्यविशारद यांनी नुकत्याच कापलेल्या मेंढीचं स्वादुपिंड आणवलं आणि त्याचे तीन तुकडे मुलाच्या कातडीखाली बसवले. तीन दिवसांनी मुलगा गेला.

ही हकिगत पुढच्या वर्षी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आली. आज ती वाचताना आपल्याला वाटेल, काय हा वेडेपणा! मेंढीचा तुकडा माणसाच्या अंगात कसा टिकेल? पण थोडं थांबू या. तेव्हा इन्सुलिन हा शब्दही नव्हता. परक्या प्राण्याचं मांस शरीर का नाकारतं, हेही कुणाला ठाऊक नव्हतं. तरी जो भाग बिघडलाय तोच दुसरीकडून आणून बसवायचा, ही त्यांची कल्पना बरोबर होती. ती कल्पना खरी करायला पुढे सव्वाशे वर्षांहून जास्त काळ लागला, आणि अजूनही काम पुरं झालेलं नाही. ते का, हे आज आपल्याला बघायचंय.

आधी एक खुलासा. आपल्याकडे घरोघरी असतो तो बहुतेक टाइप २ मधुमेह. त्यात शरीर इन्सुलिन तयार करतं, पण ते नीट लागू पडत नाही किंवा हळूहळू कमी पडतं. आज आपण बोलतोय ते मुख्यतः टाइप १ बद्दल. तो बऱ्याचदा लहानपणी किंवा तरुणपणी होतो. त्यात इन्सुलिन करणाऱ्या पेशीच नष्ट होतात. खाण्यातल्या चुकीमुळे तो होत नाही. घरातल्या कुणाला तो झाला असेल, तर त्या आईबापांनी हे वाक्य लक्षात ठेवावं.

आता मागे जाऊ, १८६९ सालच्या बर्लिनमध्ये. पाउल लँगरहान्स नावाचा २१ वर्षांचा विद्यार्थी सूक्ष्मदर्शकाखाली स्वादुपिंड बघत होता. पाचक रस करणाऱ्या पेशींच्या समुद्रात त्याला वेगळ्याच पेशींचे छोटे छोटे पुंजके दिसले. ते काय काम करतात हे मला माहीत नाही, असं त्यानं आपल्या प्रबंधात सरळ लिहून टाकलं. तो ४० वर्षांचा झाला आणि क्षयाच्या आजारपणानंतर मदीरा बेटावर वारला. त्याच्या पश्चात १८९३ साली लागेस या फ्रेंच शास्त्रज्ञानं त्या पुंजक्यांना ‘लँगरहान्सची बेटं’ असं नाव दिलं. माणसाच्या स्वादुपिंडात अशी सुमारे दहा लाख बेटं असतात. पण सगळी एकत्र केली तरी ती त्या पिंडाच्या शंभरात एक-दोन भागच भरतात. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे तो आपल्याला छळणार आहे.

१८८९ साली स्ट्रासबुर्गमध्ये फॉन मेरिंग आणि मिंकोव्स्की यांनी एका कुत्र्याचं स्वादुपिंड काढलं. कुत्र्याला मधुमेह झाला. रोगाचं घर सापडलं. मिंकोव्स्की तिथंच थांबला नाही. त्यानं कुत्र्याच्या स्वतःच्याच स्वादुपिंडाचा एक तुकडा त्याच्या कातडीखाली ठेवून पाहिला. तुकडा होता तोवर साखर ताब्यात राहिली, तुकडा काढला की मधुमेह आला. म्हणजे स्वादुपिंडातून असं काहीतरी रक्तात जातं, की ज्याला पोटातली मूळ जागा आणि पाचक नळी लागतच नाही. ब्रिस्टलच्या डॉक्टरांच्या प्रयत्नाला आधार होता तो असा. फरक एवढाच, की कुत्र्याला मिळालेला तुकडा त्याचा स्वतःचा होता आणि त्या मुलाला मिळालेला मेंढीचा. तो फरक किती मोठा आहे, हे कळायला पन्नास वर्षं जायची होती.

मधेच १९२१-२२ साली टोरांटोमध्ये बँटिंग, बेस्ट, मॅक्लाउड आणि कॉलिप या चौघांनी इन्सुलिन वेगळं काढलं. जानेवारी १९२२ मध्ये लेनर्ड थॉम्प्सन या १४ वर्षांच्या मुलाला पहिली सुई दिली. ११ तारखेचा अर्क फारसा चालला नाही. कॉलिपनं तो शुद्ध केला, २३ तारखेला पुन्हा दिला, आणि मुलगा उठून बसण्याजोगा झाला. तो पुढे १३ वर्षं जगला. इन्सुलिन आलं आणि मरणारी मुलं जगू लागली. मग पेशी बसवायच्या खटाटोपाची गरजच काय, असं जगाला वाटलं. ती कल्पना जवळजवळ चाळीस वर्षं बाजूला पडली.

पण जगलेली मुलं मोठी झाली आणि वेगळीच दुखणी समोर आली. डोळ्यांचा पडदा खराब होणं, मूत्रपिंडं निकामी होणं, पायांच्या जखमा न भरणं. सुईनं साखर खाली येते, पण आपली बेटं काय करतात? घास पोटात गेल्यागेल्या मोजून तेवढंच इन्सुलिन सोडतात आणि साखर उतरू लागली की हात आखडता घेतात. हे सुईला जमत नाही. अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासाचा निकाल १९९३ साली आला. साखर काटेकोर ठेवली तर गुंतागुंती खूप कमी होतात, असं त्यात सिद्ध झालं. पण त्याच अभ्यासात दुसरी बाजूही दिसली. काटेकोर उपचार घेणाऱ्यांमध्ये साखर धोकादायकरीत्या खाली जाण्याचे प्रसंग सुमारे तिप्पट होते. ज्यांच्या घरी रात्री तीन वाजता मुलाला उठवून साखरेचं पाणी पाजलंय, त्यांना याचा अर्थ समजावून सांगायची गरज नाही. आपल्या या सगळ्या गोष्टीत पणाला लागलंय ते हे.

आता परकेपणाच्या प्रश्नाकडे येऊ. दुसऱ्या महायुद्धात भाजलेल्या सैनिकांवर दुसऱ्याची कातडी लावून पाहिली जाई आणि ती काही दिवसांत गळून पडे. पीटर मेडावार या शास्त्रज्ञानं दाखवलं, की शरीर ती ओळखून हाकलतं, आणि त्याच माणसाची कातडी दुसऱ्यांदा लावली तर आणखी लवकर हाकलतं. म्हणजे प्रतिकारशक्तीला स्मरण असतं. १९५३ साली त्यांनी आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी उंदरांवर दाखवलं, की जन्माच्या आधीच परक्या पेशींची ओळख करून दिली तर पुढे शरीर त्यांना आपलं मानतं. १९६० साली त्यांना नोबेल मिळालं. इकडे बॉस्टनमध्ये १९५४ साली जुळ्या भावाचं मूत्रपिंड दुसऱ्या भावाला बसवलं आणि ते टिकलं, कारण दोघांच्या पेशी सारख्याच. बाकीच्यांसाठी हळूहळू प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं आली.

१७ डिसेंबर १९६६ रोजी मिनेसोटा विद्यापीठात केली आणि लिलेहाय यांनी माणसात पहिल्यांदा स्वादुपिंड बसवलं. पण ही मोठी आणि जोखमीची शस्त्रक्रिया. आणि हवीत ती तर फक्त बेटं, शंभरातला एक-दोन भाग! बाकीचा पाचक रसाचा कारखाना उगाच सोबत येतो आणि तोच त्रास देतो.

मग बेटं वेगळी कशी काढायची? १९६७ साली सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात पॉल लेसी आणि मेरी कोस्टियानोव्स्की यांनी उंदरांच्या स्वादुपिंडावर हे जमवलं. त्यांनी कोलॅजिनेज नावाचं विकर वापरलं. पेशींना धरून ठेवणारा जो चिवट धागा असतो तो हे विकर विरघळवतं, आणि बेटं सुटी होतात. १९७२ साली बॅलिंजर आणि लेसी यांनी अशी बेटं मधुमेही उंदरांना दिली, त्यांची साखर सुधारली. पुढच्याच वर्षी त्याच गटानं दाखवलं, की यकृताकडे रक्त नेणाऱ्या शिरेत बेटं सोडली तर ती यकृतात अडकून तिथंच रुजतात. माणसांत आजही बहुतेक ठिकाणी हीच वाट वापरतात. पोट उघडावं लागत नाही, एका बारीक नळीतून बेटं आत सोडतात.

माणसाचं स्वादुपिंड उंदराच्या मानानं फार चिवट निघालं. सत्तरच्या दशकातले माणसांवरचे प्रयत्न बहुतेक फसले. १९८८ साली कॅमिलो रिकॉर्डी यांनी एक धातूचा डबा बनवला. त्यात स्वादुपिंड विकरासकट सतत हलत राहतं आणि सुटी झालेली बेटं लगेच बाहेर काढली जातात, म्हणजे ती जास्त पचून मरत नाहीत. बेटं भरपूर मिळू लागली. तरी नव्वदच्या दशकाचा हिशेब काय होता? २६७ प्रत्यारोपणांपैकी वर्षभराहून जास्त काळ इन्सुलिनशिवाय राहिले ते फक्त ८.२ टक्के.

असं का व्हावं? इथं आपल्याला मिनेसोटातला एक जुना प्रयोग आठवला पाहिजे. या सगळ्या इतिहासात आम्हाला तो सर्वांत शिकवणारा वाटतो. डेव्हिड सदरलँड यांनी काही एकसारख्या जुळ्यांवर शस्त्रक्रिया केल्या. एकाला टाइप १ मधुमेह, दुसरा धडधाकट. धडधाकट भावंडाच्या स्वादुपिंडाचा भाग आजारी भावंडाला दिला. जुळीच असल्यामुळे परकेपणाचा प्रश्न नाही, म्हणून औषधंही दिली नाहीत. अवयव टिकला. पण काही आठवड्यांतच काहींची साखर पुन्हा चढली. तपासणीत दिसलं, की पाचक भाग ठणठणीत आहे, बेटांतल्या इतर पेशीही आहेत, फक्त इन्सुलिन करणाऱ्या बीटा पेशी वेचून मारल्या गेल्यात. हा निष्कर्ष १९८४ साली प्रसिद्ध झाला.

म्हणजे शत्रू दोन आहेत, मंडळी. पहिला, परक्याला हाकलणारा. तो कुणाच्याही अंगात असतो. दुसरा, मुळात ज्यानं हा रोग आणला तो. या माणसाची प्रतिकारशक्ती बीटा पेशींवरच उलटलेली आहे, मग त्या कुणाच्याही असोत. पेशी स्वतःच्या असल्या तरी ती सोडत नाही. टाइप १ हा प्रतिकारशक्तीचा रोग आहे याचे पुरावे १९७४ पासून रक्तातल्या प्रतिपिंडांच्या रूपात मिळत होते. जुळ्यांनी ते उघड दाखवून दिलं. यापुढे कुणी ‘तुमच्याच पेशी वापरतो, म्हणजे प्रश्न मिटला’ असं म्हणालं, तर ही जुळी आठवा.

आता कॅनडातलं एडमंटन. जेम्स शापिरो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुलै २००० मध्ये सात रुग्णांचा अहवाल दिला. सातही जण इन्सुलिनशिवाय! त्यांनी दोन गोष्टी बदलल्या होत्या. प्रत्यारोपणात नेहमी देतात ते स्टेरॉइड त्यांनी टाळलं, कारण तेच साखर वाढवतं आणि बेटांना त्रास देतं. आणि एका दात्याची बेटं पुरत नाहीत हे मान्य करून बहुधा दोन दात्यांची दिली. जगभर बातमी झाली. पण २००६ साली नऊ केंद्रांत ३६ रुग्णांवर तीच पद्धत वापरली, तेव्हा वर्षअखेरीस इन्सुलिनमुक्त निघाले १६. त्यांतले दोन वर्षांनंतरही तसेच राहिलेले फक्त पाच.

हे अपयश म्हणायचं का? घाई करू नका. इन्सुलिन पुन्हा सुरू झालेल्या बऱ्याच जणांच्या अंगात थोडी बेटं जिवंत होती, आणि तेवढ्यानंही साखर अचानक कोसळणं थांबलं होतं. ज्याला शुद्ध हरपल्यावरच कळायचं की साखर उतरलीये, त्याला हे मोठंच दान आहे. २०१६ साली ४८ रुग्णांवरच्या चाचणीत ८७.५ टक्के लोक वर्षभरानंतर या धोक्यातून सुटलेले आणि तीन महिन्यांची सरासरी साखर आटोक्यात असलेले दिसले. इन्सुलिन पूर्ण सुटलेले होते साधारण निम्मे. जून २०२३ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकानं दात्याच्या बेटांपासून केलेल्या लँटिड्रा या उपचाराला पहिल्यांदा मान्यता दिली.

पण किंमत बघा. रोजची सुई जाते आणि रोजच्या गोळ्या येतात, जन्मभर. त्या गोळ्या जंतुसंसर्गाची आणि कर्करोगाची शक्यता वाढवतात, काही तर मूत्रपिंडांनाच जड जातात. म्हणून हा उपचार लहान मुलांना देत नाहीत. ज्यांच्यासाठी १८९३ मध्ये सुरुवात झाली तीच मुलं बाहेर राहिली. ही गाठ सोडवायची तर गोळ्यांशिवाय पेशी टिकल्या पाहिजेत.

त्यासाठीची पहिली कल्पना कुंपणाची. बेटांभोवती असं आवरण करायचं, की साखर, प्राणवायू आणि इन्सुलिन ये-जा करतील, पण प्रतिकारशक्तीच्या पेशी आत शिरणार नाहीत. १९८० साली लिम आणि सन यांनी समुद्रशेवाळापासून मिळणाऱ्या आल्जिनेटच्या मण्यांत बेटं बंद करून उंदरांची साखर ताब्यात आणली. आपल्या पुण्यातही नॅशनल सेंटर फॉर सेल सायन्समध्ये डॉ. रमेश भोंडे यांच्या गटानं बेटांवर बरंच काम केलं. कोळंबी-खेकड्यांच्या कवचापासून मिळणारं कायटोसान अशा कुंपणाला चालेल का, हे त्यांनी तपासलं होतं. कुंपणाची अडचण अशी, की शरीर मण्यांनाच परकं मानून त्यांच्याभोवती तंतूंची जाड साल चढवतं. मग आतल्या पेशी गुदमरतात. बेटांना प्राणवायू फार लागतो. मोठ्या कंपन्यांच्या चाचण्याही इथंच अडल्या. मार्च २०२५ मध्ये व्हर्टेक्स या कंपनीनं पेशी बंद डबीत ठेवण्याचा आपला प्रयोग थांबवला, कारण पुरेसं इन्सुलिन तयार होत नव्हतं.

दुसरा प्रश्न पुरवठ्याचा. दाते मूठभर, रुग्ण लाखो. २०१४ साली हार्वर्डचे डग्लस मेल्टन यांनी मूळपेशींपासून प्रयोगशाळेत भरपूर बीटा पेशी वाढवण्याची रीत प्रसिद्ध केली. त्यांच्या स्वतःच्या दोन मुलांना टाइप १ आहे. मुलाला झाला तेव्हा तो तान्हा होता, आणि तेव्हाच त्यांनी बेडकांवरचं संशोधन सोडून हा विषय धरला. त्या वाटेनं पुढे गेलेल्या उपचाराचा निकाल २०२५ मध्ये आला. पूर्ण मात्रा मिळालेल्या १२ जणांपैकी १० जण वर्षाअखेरीस इन्सुलिनशिवाय होते. पण दाबणारी औषधं इथंही होती. त्या चाचणीतला एक रुग्ण बुरशीमुळे झालेल्या मेंदूज्वरानं दगावला. हेही त्याच अहवालात आहे, आणि आपण ते वगळून यशाचा आकडा सांगू नये.

२०२४ मध्ये चीनमधून बातमी आली, की एका तरुणीला तिच्याच पेशींपासून केलेली बेटं दिली आणि ती वर्षभराहून जास्त इन्सुलिनशिवाय आहे. फार मोठं काम. पण तिचं आधी यकृत प्रत्यारोपण झालेलं होतं आणि ती त्यासाठी दाबणारी औषधं घेतच होती. म्हणून तिच्या पेशी दुसऱ्या शत्रूपासून आपल्या बळावर वाचल्या असत्या का, हे त्यातून ठरत नाही.

आणि शेवटी स्वीडनमधलं उप्साला. इथं कुंपण काढून टाकलं आणि पेशींचं ओळखपत्रच बदललं. आपल्या प्रत्येक पेशीवर काही खुणेचे रेणू असतात. पहारेकरी टी पेशी ते वाचून आपलं-परकं ठरवतात. शास्त्रज्ञांनी दात्याच्या बेटांमधली ती खूण तयार करणारी जनुकं बंद केली. पण शरीरात पहाऱ्याची दुसरीही फळी असते. जिच्यावर ओळखपत्रच नाही अशा पेशीला ती संशयानं मारते. म्हणून सीडी-४७ नावाचा रेणू त्या पेशींवर वाढवला. तो या दुसऱ्या फळीला ‘याला सोड’ असं सांगतो. अशा पेशी ४२ वर्षांच्या एका रुग्णाच्या हाताच्या स्नायूत टोचल्या. दाबणारी एकही गोळी दिली नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये अहवाल आला. १२ आठवड्यांनंतरही त्या पेशी जिवंत होत्या आणि जेवणानंतर इन्सुलिन सोडत होत्या. आणखी एक गोष्ट तिथं दिसली. टोचलेल्या पेशींत काही अशा होत्या, की ज्यांच्यात बदल अर्धवट झाला होता. त्या शरीरानं मारल्या. पूर्ण बदललेल्या तेवढ्या सुटल्या. त्याच हातात, त्याच दिवशी, दोन्ही निकाल शेजारी शेजारी.

मात्र हा एक माणूस आहे. मात्रा मुद्दाम कमी ठेवली होती, त्यामुळे त्याची सुई सुटलेली नाही. आणि एक काळजी उरतेच: पहाऱ्याला न दिसणारी पेशी उद्या बिघडली, गाठ होऊ लागली, तर तिला आवरणार कोण? पुढच्या चाचण्यांना याचं उत्तर द्यावं लागेल.

अशा व्याख्यानानंतर आम्हाला हटकून एक प्रश्न येतो. ‘अमुक ठिकाणी स्टेमसेलनं मधुमेह बरा करतात म्हणे, जावं का?’ प्रश्न विचारणारे बहुधा लहान मुलाचे आईवडील असतात, म्हणून उत्तर नीट देतो. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार मूळपेशींचा मान्य उपचार म्हणजे रक्ताच्या व तत्सम काही रोगांसाठीचं प्रत्यारोपण. बाकी सगळं नोंदणी केलेल्या चाचणीतच व्हायला हवं, आणि चाचणीसाठी रुग्णाकडून पैसे घ्यायचे नसतात. कुणी लाखांचं पाकीट सांगत असेल तर तिथून उठावं. मुलाचं इन्सुलिन तर कुणाच्याही सांगण्यावरून बंद करू नये. टाइप १ मध्ये ते बंद करणं म्हणजे मुलाला १८९३ च्या ब्रिस्टलमध्ये नेऊन ठेवणं.

त्या मुलाचं नाव आपल्याला सांगायचं कारण नाही, पण त्याच्या डॉक्टरांनी एक चांगली गोष्ट केली. अपयश झालं तेही छापलं. मिनेसोटानं जुळ्यांचं अपयश छापलं, एडमंटनच्या पद्धतीचे पुढचे उतरते आकडेही छापून आले. आज उप्सालाच्या त्या हातात काही पेशी औषधाविना जगल्या, त्याच्या मागे ही सगळी छापलेली अपयशं आहेत. तेव्हा पुढच्या वेळी ‘मधुमेहावर कायमचा इलाज’ अशी बातमी वाचाल तेव्हा तीन प्रश्न विचारा. किती माणसं होती? किती दिवस टिकलं? आणि दाबणारी औषधं चालू होती का? या तीन उत्तरांवरून बातमीचं वजन तुम्हालाच कळेल.

आज इथं थांबू.